खालचं नाव

मे महिना संपत आला होता. खरड छाटणी होऊन दीड महिना झालेला, द्राक्षबागेत शेंडे मारायचं आणि सबकेनचं, म्हणजे काडीवर पोटकाडी वाढवायचं काम चालू होतं. त्या दिवशी पुण्याहून धाकटी बहीण आली ती काश्मिरी चेरीचा एक खोका घेऊन. पुठ्ठ्याचा खोका, वरच्या थरातली फळं एकाला एक लावून बसवलेली. आण्णा सोप्यात बसले होते. त्यांनी एक फळ उचललं, उजेडात धरलं, देठ फिरवून बघितला, अंगठ्यानं हलकं दाबलं. द्राक्षाचा मणी बघतात अगदी तसंच. मग खाल्लं, बी तळहातावर घेतलं आणि विचारलं, "हिच्या खाली काय असतंय?"

बहिणीला कळेना. मला कळलं. आमच्या घरात 'खाली काय' याचा अर्थ एकच. खुंट कुठला, म्हणजे कलम केलंय ते खालचं मुळाचं झाड कुठलं?

उत्तर मला माहीत नव्हतं. तोवर चेरी म्हणजे माझ्या लेखी केकवरची लालभडक गोळी. ती तर बहुतेक वेळा चेरीही नसते, बी काढून, पाकात मुरवून, रंग दिलेलं करवंद असतं. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर बरंच वाटलं होतं, कारण करवंद तरी आमच्या डोंगरातलं. खऱ्या चेरीबद्दल मात्र मला काहीच ठाऊक नव्हतं. पण आण्णांचा प्रश्न डोक्यात राहिला. रात्री मोटर चालू करायला मळ्यात जावं लागतं, वीज येईपर्यंत बसून राहावं लागतं. त्या आठ-पंधरा रात्री मी फोनवर चेरीच्या मुळाशी गेलो.

चेरीचं शास्त्रीय नाव प्रुनस एव्हियम. एव्हियम म्हणजे पक्ष्यांची. पक्षी फळ खातात, बी दूर नेऊन टाकतात, तिथं रानात झाड उगवतं. या रानचेरीला माझार्ड म्हणतात आणि कित्येक पिढ्या तिच्याच रोपावर चांगल्या जातीचं कलम करत आले. रानचेरीचं झाड वाढायला लागलं की थांबत नाही, तीस-पस्तीस फुटांवर सहज जातं. फळं तोडायला उंच शिड्या लावायच्या. फवारा शेंड्यापर्यंत पोचत नाही, पाखरांपासून जाळी टाकायची तर एवढं मोठं झाड झाकायचं कसं? शिवाय फळ धरायलाच सहा-सात वर्षं. म्हणजे बापानं लावायचं आणि पोरानं तोडायचं. सफरचंदाला ठेंगणे खुंट कधीच मिळाले होते, चेरीला मिळत नव्हते.

ते मिळाले जर्मनीत. गीसन गावच्या विद्यापीठात वेर्नर ग्रुप्पे या शास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात वेगवेगळ्या जातींच्या चेऱ्यांचे संकर करायला सुरुवात केली. आंबट चेरी घेतली, चीनकडची एक झुडूपवजा चेरी घेतली. असल्या संकरातून हजारो रोपं येतात आणि त्यातली बहुतेक सगळी टाकून द्यायची असतात. काही कलम धरत नाहीत. काही धरतात आणि पाचव्या-सहाव्या वर्षी वाऱ्यात जोडावरच मोडतात. काहींवर झाड ठेंगणं राहतं, पण फळही बोराएवढंच येतं. त्या चाळणीतून जे शिल्लक राहिले, त्यांतला एक म्हणजे गिसेला 5. त्यावरचं झाड रानचेरीवरच्या झाडाच्या साधारण निम्मं राहतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दाखवतं. तो बागायतदारांच्या हातात पोचेपर्यंत 1990 चं दशक आलं होतं. तीस वर्षं.

गिसेला हे मला कुणा बाईचं नाव वाटलं होतं. पण ते जोडून केलेलं नाव आहे. गी म्हणजे गीसन, सेल म्हणजे सिलेक्शन, आणि शेवटचा ए म्हणजे एव्हियम. हे वाचलं आणि मळ्यात एकटा असूनही मी मोठ्यानं म्हणालो, "सोनाका!" ही आपल्याकडची द्राक्षाची जात. सोलापूर, नान्नज, काळे, तिघांची पहिली अक्षरं. आणि आमची दुसरी जात तास-ए-गणेश. त्यातलं तास म्हणजे तासगाव, ए म्हणजे आर्वे. हजारो कोस लांब, भाषा वेगळी, आणि बारसं करायची रीत तीच. गाव आधी.

तास-ए-गणेशची गोष्ट आमच्या भागात शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना थॉमसन जातीच्या द्राक्षबागेत एक वेल वेगळी दिसली आणि त्यांनी ती वाढवली. नान्नजला नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस अशाच हेरून काढल्या. थॉमसनला बी नसतं, त्यामुळं बी पेरून नवीन काही मिळवायची सोय नाही. पण लाखो काड्यांत एखाद्या काडीच्या पेशीत आपोआप बदल होतो, मणी लांबट येतो नाहीतर रंग फिरतो. तो बदल ज्याच्या नजरेत भरला आणि ज्यानं छाटणीच्या वेळी त्या काडीला चिंधी बांधून ठेवली, त्याच्या हातात नवी जात आली. त्याला विद्यापीठ लागलं नाही. रोज सकाळी बागेतून फिरणं लागलं. या माणसांबद्दल मला जे वाटतं त्याला आदर हा शब्द तोकडा आहे. आमची घरं, पोरांची शिक्षणं, तासगावची बेदाण्याची बाजारपेठ, हे सगळं त्यांच्या त्या नजरेवर उभं राहिलंय.

पण ही नजर वरच्या गोष्टीला लागू पडते. मणी दिसतो, घड दिसतो, पान दिसतं. मूळ कसं दिसणार?

आण्णांनी पहिली बाग लावली तेव्हा खुंट हा शब्दच आमच्या रानात नव्हता. छाटणीची काडी घ्यायची, खड्ड्यात लावायची, रुजायची. वेल स्वतःच्याच मुळावर उभी. पंधरा-सोळा वर्षं ती बाग सोन्यासारखी पिकली. मग दुष्काळ पडला. विहिरीनं तळ गाठला, बोअर खाली खाली गेलं, आणि जे पाणी लागलं ते मचूळ. पहिल्या वर्षी काही वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी पानांच्या कडा तांबूस व्हायला लागल्या. कागद पेटल्यावर काठ आत आत सरकत जातो तसा तो तांबूस पट्टा पानात सरकायचा. ड्रिपरच्या भोवती मातीवर पांढरं कडं उमटायचं. आई ते बोटानं उचलून जिभेला लावायची आणि काही न बोलता पदराला बोट पुसायची. टँकरचं पाणी आणून घातलं, जिप्सम टाकलं, शेणखत टाकलं. चौथ्या वर्षी एका दुपारी आण्णांनी बाग काढायची ठरवली. ट्रॅक्टरनं वेली ओढून काढल्या. मुळं वर आली ती काळी पडलेली, हातात घेतली की साल सोलून यायची. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही.

पुढच्या फेब्रुवारीत आण्णांनी जंगली लावली. आमच्याकडं डॉगरीज या खुंटाच्या रोपाला कुणी डॉगरीज म्हणत नाही, जंगलीच म्हणतात. पानं गोलसर, कोवळेपणी त्यांवर पांढुरकी लव, द्राक्षाच्या पानासारखी खाच जवळजवळ नाहीच. शेतात कसलं तरी रानवट झाडोरं लावून ठेवल्यासारखं दिसायचं. भावकीतले लोक बांधावर थांबून बघायचे.

ऑगस्टच्या अखेरीला कलम भरणारी टोळी आली. त्यातले एक वयस्कर मामा माझ्या मनात कायमचे बसलेत. गुडघ्यावर पोतं बांधलेलं, ओल्या बारदानात गुंडाळलेल्या तास-ए-गणेशच्या काड्या शेजारी. जंगलीची काडी जमिनीपासून वीतभरावर सपकन छाटायची, मधोमध चिरायची. वरची दोन डोळ्यांची काडी घेऊन दोन्ही अंगांनी तासून पाचर करायची. दोन्ही बाजूंना चाकू एकेकदाच फिरायचा. दुसऱ्यांदा फिरवला तर पाचर खडबडीत होते आणि आत हवा राहते. मग ती पाचर चिरेत बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी आवळून गुंडाळायची. मी विचारलं, मधोमध का नाही बसवत, एका कडेला का सरकवलीत? मामांनी माझा हात धरून बोट जोडावर टेकवलं. "साल सालीला भिडली पायजे. मधलं लाकूड मेलेलंच असतंय. जीव सालीखाली असतोय, कागदायेवढा. त्यो त्याला घावला की झालं." दिवसाला शेकडो कलमं करणारा तो माणूस प्रत्येक जोड बांधून झाला की त्यावरून एकदा अंगठा फिरवायचा. पंधरा दिवसांनी बहुतेक सगळे डोळे फुटले. पाणी तेच होतं, जमीन तीच होती. पण त्या बागेच्या पानांच्या कडा करपल्या नाहीत.

हे जंगली आलं कुठून, हा प्रश्न त्या वेळी कुणालाच पडला नाही. पुष्कळ जण बेंगलोर डॉगरीज म्हणतात, त्यामुळं मी ते बंगळूरचंच समजत होतो. चेरीच्या निमित्तानं शोधत गेलो तेव्हा सापडलं की ही टेक्सासमधली रानवेल. बेल काउंटीत डॉग रिज नावाचा भाग आहे, तिथली. दोन रानवेलींचा निसर्गानंच केलेला संकर. ती नोंदवली टी. व्ही. मन्सन या माणसानं. डेनिसन गावात त्याची रोपवाटिका होती. घोड्यावरून आणि आगगाडीनं तो अमेरिकाभर रानद्राक्षं शोधत हिंडला. त्याच काळात फ्रान्सच्या बागा मरत होत्या. मुळं खाणारी फिलॉक्सेरा नावाची बारीक कीड तिथं पोचली होती आणि युरोपच्या द्राक्षाला तिच्याशी लढायचं ठाऊकच नव्हतं. अमेरिकेच्या रानवेलींना ठाऊक होतं, कारण कीड तिथलीच. म्हणून मूळ अमेरिकेचं आणि वर वेल फ्रान्सची, असं कलम करायचं ठरलं. पण कोन्याकसारख्या चुनखडीच्या रानात ही अमेरिकन मुळं पिवळी पडायला लागली. मग 1887 मध्ये प्येर व्हियाला नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ चुनखडीत टिकणारं मूळ शोधायला अमेरिकेला गेला आणि मन्सननं त्याला टेक्सासच्या चुनखडीतल्या रानवेलींकडं नेलं. पुढच्या वर्षी फ्रेंच सरकारनं मन्सनचा सन्मान केला.

आपल्याकडं खुंट आला तो त्या किडीमुळं नाही. आपलं दुखणं खारं पाणी, चुनखड आणि दुष्काळ. तरीही औषध तिथल्याच डोंगरातलं लागू पडलं. मन्सन 1913 मध्ये गेला. तासगाव हे नाव त्याच्या कानावर कधी गेलं असेल असं वाटत नाही. आमच्या ताटातली भाकरी मात्र त्याच्या पायपिटीतून आलीय, आणि हे मला वयाच्या पंचेचाळिशीत कळावं याची खंत वाटते.

डॉगरीज निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. तिचा जोर फार. भारी रानात, पाणी मुबलक मिळालं की वेल नुसती पाल्यावर जाते. खरड छाटणीनंतर काडीवर ऊन पडायला हवं, तेव्हाच डोळ्यात घड तयार होतो. पाल्याची सावली झाली तर ऑक्टोबर छाटणीनंतर घड जिरतो, नाहीतर नुसता बारीक गोळीघड निघतो. टेंभू-म्हैसाळ योजनांचं पाणी आल्यापासून आमच्या पट्ट्यात ही तक्रार मी जास्त ऐकतो. दुष्काळासाठी आणलेलं मूळ पाण्याच्या दिवसांत अंगावर येतं. म्हणून काही जण 110 आर या दुसऱ्या खुंटाकडे वळलेत, तोही फ्रान्समध्ये शंभर वर्षांपूर्वी केलेला संकर. चेरीवाल्यांचं दुखणं याच्या नेमकं उलटं. गिसेला 5 वर झाड इतकं फळ धरतं की नीट छाटणी केली नाही तर फळ बारीक राहतं आणि झाड लवकर थकतं. म्हणजे खुंट एकदा शोधला की काम संपलं, असं कुठंच नाही.

एका रात्री स्टेलाची गोष्ट वाचली आणि वीज आल्याचं मला कळलंच नाही. चेरीच्या फुलाला स्वतःचा पराग चालत नाही. फुलाच्या आत एक पारख असते. पराग आपल्याच जातीचा निघाला तर त्याची नळी अर्ध्या वाटेतच मारली जाते. म्हणून बागेत दुसऱ्या जातीची झाडं लावावी लागतात, तीही एकाच वेळी फुलणारी, आणि वर मधमाश्यांची मर्जी. गेल्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत परागावर क्ष-किरण सोडून पाहिले. त्यातून असा पराग मिळाला की त्याची ओळखीची खूणच पुसली गेलेली, त्यामुळं फुलाला तो आपला की परका हे ठरवता येईना आणि ते त्याला आत येऊ देई. त्या रोपांपैकी एक कॅनडात समरलँडला गेलं, तिथं कार्लिस लॅपिन्स यांनी त्याचा संकर केला आणि 1968 मध्ये स्टेला ही जात दिली. एकट्यानं फळ धरणारी, बाजारात आलेली पहिली गोड चेरी. पुढं तिच्याच लेकीला लॅपिन्स यांचं नाव दिलं गेलं. आता तर रोप वीतभर असतानाच पानाचा तुकडा तपासून त्यात ही खूण आहे की नाही ते कळतं. चार-पाच वर्षं फळाची वाट पाहून, मग निकामी म्हणून उपटून टाकायची गरज उरत नाही.

ही सगळी माणसं ज्या गतीनं काम करत होती ती आपल्याला समजतच नाही. आम्ही बागायतदार फार तर पुढच्या छाटणीचा विचार करतो. औषध मारलं की चार दिवसांत गुण यायला हवा. आणि इथं एक माणूस संकर करतो, तो रुजेल, वाढेल, पाच ठिकाणच्या मातीत तपासला जाईल, आणि तो बाजारात येईल तेव्हा हा निवृत्त झालेला असेल. पुण्याला मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "तिथं काय करतात काय एवढी वर्षं?" मीही म्हटलंय. आता म्हणवत नाही. उलट मला वाटतं की आमच्या मचूळ पाण्यात, आमच्या चुनखडीत, आमच्याच दोन छाटण्यांच्या रीतीत वाढवून निवडलेला खुंट पाहिजे, आणि त्यासाठी कुणीतरी तीस वर्षं एकाच खोलीत बसलं पाहिजे, आणि त्याला आपण बसू दिलं पाहिजे. वरची जात आपण नजरेनं मिळवली. खालची तशी मिळायची नाही.

याची किंमत मी मोजलीय. पाच वर्षांपूर्वी दीड एकराचा नवीन प्लॉट धरला. एका रोपवाटिकेतून जंगलीची रोपं आणली, सगळी एकाच जातीची म्हणून. घाईत होतो, पानं नीट पाहिली नाहीत. कलम झालं, मांडवावर वेली गेल्या, बाग एकसारखी दिसायला लागली. तिसऱ्या वर्षी फरक पडायला लागला. एकाच ओळीत, एकाच ड्रिपवर, एक वेल मांडव भरून टाकतेय आणि तिच्या शेजारची हातभर काडी काढून थांबलीय. दोन वर्षं मी खतं बदलत राहिलो. मग काही ठिकाणी जोडाच्या खालून फुटवे आले, आणि त्यांची पानं पाहिली तर तीन तऱ्हेची. रोपं मिसळलेली होती. रोपवाटिकेत गेलो तर तिथली माणसं बदललेली, वही सापडत नव्हती. भांडून काय मिळणार होतं? वर सगळीकडं तीच जात, पण खाली कोण आहे ते आजही मला सांगता येत नाही. असली रोपं तपासून, खात्रीचा कागद लावून शेतकऱ्याच्या हातात पडावीत, एवढं मागणं फार आहे असं मला वाटत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगायची राहिली. अमेरिकेत बिंग नावाची काळपट लाल चेरी सगळ्यात जास्त नावाजलेली. 1875 मध्ये ऑरेगॉनमधल्या लेवेलिंगच्या बागेत ती निवडली गेली आणि तिथला चिनी मुकादम आ बिंग याचं नाव तिला दिलं. पुढं तो घरच्यांना भेटायला चीनला गेला आणि चिन्यांना बंदी करणाऱ्या कायद्यामुळं त्याला परत येता आलं नाही, असं सांगतात. चेरी मात्र त्याच्या नावानं अजून विकली जाते. हे मी आण्णांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या कलमवाल्या मामांचं नाव काय रं?"

मला सांगता आलं नाही. आईला विचारलं, तिलाही आठवेना. गावात दोघांना फोन केला. टोळी जतकडची होती, एवढंच कळलं.

गेल्या आठवड्यात मी ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ब्रश घेऊन बागेत गेलो. प्रत्येक प्लॉटच्या पहिल्या खांबावर नाव लिहायची आमची रीत आहे, लागवडीचं साल आणि जात. यंदा खाली आणखी एक ओळ घातली. जुन्या बागेच्या खांबावर वर तास-ए-गणेश, खाली डॉगरीज. ओढ्याकडच्या नव्या चार ओळींवर खाली 110 आर. आण्णा काठी टेकत मागोमाग आले होते. अक्षर वाकडं आलं की सांगत होते.

दीड एकराच्या प्लॉटपाशी आलो. वरची ओळ लिहिली. आण्णा म्हणाले, "खाली?" मी ब्रश पुसला. ती जागा तशीच ठेवलीय.